घास अडकतोय घशात, मग फोटो मानेचा का?

मामांनी कडक भाकरी सोडली तेव्हाच आमचे कान टवकारायला हवे होते. सोलापूरच्या माणसाने कडक भाकरी सोडावी ही काही साधी गोष्ट नव्हे. मामा ६८ वर्षांचे. सगळी हयात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करण्यात गेली. डब्यात कायम दोन कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीची पुडी. पापडासारखी कडाकड मोडायची, चटणीत दाबायची आणि मागांच्या खडखडाटात उभ्यानेच खायची.

गेल्या पावसाळ्यात मामींच्या लक्षात आलं की भाकरीचा आमटीत पार लगदा झाल्याशिवाय मामा घास उचलत नाहीत. मग कोरडी चटणी बंद झाली. मग भातावर आले. आणि प्रत्येक घासाला मान जराशी डावीकडे कलती करायची, हनुवटी खाली घ्यायची, डोळे मिटायचे, मग गिळायचं. मी विचारलं तर म्हणाले, "घास खाली उतरंना बे. पाणी पिऊन पिऊन खाऊलालो."

मी डॉक्टर नाही. गेली २२ वर्षं क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम करतोय. दिवसाला मानेचे पाच-सहा फोटो माझ्या हातून जातात. तरी मी मामांना काय सांगितलं? "अ‍ॅसिडिटी असेल, रात्री लवकर जेवत जा." त्या सल्ल्यावर चार महिने निघून गेले आणि मामांचं वजन साडेचार किलोने उतरलं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, "घशाची मागची भिंत पुढे आलेली दिसतेय. मानेचा बाजूने फोटो काढून आणा." तो फोटो मीच काढला. त्यात काय दिसलं ते पुढे सांगतो. आधी घसा आणि मान यांचा संबंध काय ते बघू, कारण तो मलाही नीट समजून घ्यावा लागला.

सामाईक भिंत

घसा दुखला की आपण कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जातो, मान दुखली की हाडाच्या. शरीरात मात्र या दोन घरांची भिंत एकच आहे, पेठेतल्या जुन्या वाड्यांसारखी. आरशासमोर आ करून पाहिलं की पडजिभेच्या मागे जी लालसर भिंत दिसते, तिच्या पाठीला लागूनच मानेचे मणके. मधे स्नायूंचा आणि पडद्यांचा पातळ थर. मानेच्या वरच्या भागात हा सगळा थर मिळून सात मिलिमीटरच्या आत असतो.

मानेचे मणके सात. सोलापूरकराला हा आकडा विसरायचं कारण नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेत मानाचे नंदीध्वज सात, तसे मानेचे मणकेही सात.

आता कंठमण्यावर बोट ठेवा. त्याच्या बरोब्बर मागे साधारण चौथा-पाचवा मणका आहे. बोट हळूहळू खाली सरकवा. एक खाच लागेल आणि मग अंगठीसारखं टणक कडं. त्याच्या मागे सहावा मणका. इथे घसा संपतो आणि अन्ननलिका सुरू होते. तिथून ती सुमारे २५ सेंटीमीटर खाली जठरापर्यंत जाते. ही कड्याची जागा लक्षात ठेवा. इतर ठिकाणी अन्ननलिका थोडी इकडेतिकडे सरकू शकते. इथे मात्र ती त्या कड्याला बांधलेली असते. मागून काही टोचलं तर बाजूला व्हायला तिला जागाच नाही.

बोट कंठमण्यावर तसंच ठेवून थुंकी गिळा. मणी टुणकन वर जातो आणि परत जागेवर येतो. त्या एका सेकंदात आत किती घडतं ते ऐकलं की घास गिळण्याबद्दल आदरच वाटायला लागतो. जीभ घास मागे ढकलते. टाळूचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. श्वास थांबतो. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकून जिभेच्या बुडाखाली दडतं. श्वासनलिकेच्या तोंडावरचं पानासारखं झाकण मागे झुकतं. घशाच्या भिंती वरून खाली पिळत येतात. आणि एरवी घट्ट मिटलेलं अन्ननलिकेचं तोंड क्षणभर उघडून पुन्हा मिटतं. पंचवीस-तीस स्नायूंच्या जोड्या, आणि त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या पाच-सहा नसा. श्वासाचा आणि घासाचा रस्ता घशात एकमेकांना छेद देतो आणि या चौकात सिग्नल एकदा जरी चुकला तरी ठसका लागतो.

यात मणक्याचं काम काय? काही नाही. त्याने फक्त मागे सरळ, गुळगुळीत उभं राहायचं. पण पुढचं सगळं हलतं ते त्याच्या टेकूवर. खात्री करायची असेल तर मान मागे टाकून छताकडे बघत थुंकी गिळून पाहा. (नुसती थुंकीच. तोंडात घास घेऊन हा प्रयोग करू नका.) जड जातं ना? मान मागे गेली की पुढचे स्नायू ताणले जातात आणि स्वरयंत्राला वर सरकायला त्रास होतो. निरोगी माणसाला मानेच्या नुसत्या कोनाने एवढा फरक पडतो.

"नस दबली असेल"

मामांचा फोटो काढायच्या आधीच आमच्या घरात निदान झालं होतं. मावशी म्हणाली, "मानेत नस दबली असणार, म्हणून गिळवत नाही." बहुतेक घरांत हेच बोललं जातं आणि ते बहुतेक वेळा चूक असतं.

मानेच्या मणक्यांमधून ज्या नसा बाहेर पडतात त्यांतल्या खालच्या नसा खांद्यांकडे आणि हातांकडे जातात. त्या दबल्या की हाताला मुंग्या येतात, दंडातून कळ जाते, मुठीतली ताकद कमी होते. गिळण्याच्या मुख्य नसा मानेच्या मणक्यांतून येतच नाहीत. त्या मेंदूच्या बुडातून, कवटीच्या तळाच्या छिद्रांतून थेट खाली उतरतात. त्यामुळे दोन मणक्यांमधली गादी सरकून हाताची नस दबली आणि म्हणून घास अडकला, असा हिशेब सहसा जुळत नाही. मानेमुळे गिळायला त्रास होतो तो बहुतेक वेळा नसेचा नसतो, जागेचा असतो. मागची भिंत पुढे येते आणि वाट अरुंद होते, किंवा जे हलायला हवं त्याला हलता येत नाही.

म्हणूनच हातांच्या मुंग्या आणि गिळण्याचा त्रास एकाच माणसाला असेल तर दोन्हीचं खापर एकाच गादीवर फोडू नये. दोन वेगळी कारणं असू शकतात. नाहीतर वर मेंदूत काही बिघडलेलं असू शकतं, आणि ते तर आधी तपासायला हवं.

फोटोत काय दिसलं

मानेचा बाजूने फोटो काढताना मी पेशंटला सांगतो, खांदे खाली सोडा, हलू नका, थुंकी गिळू नका. मामांना तेवढे दोन सेकंदही जड गेले. पडद्यावर चित्र आलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो.

निरोगी मानेच्या फोटोत मणक्यांच्या पुढच्या कडा एकाखाली एक अशा नीट ओळीत दिसतात. मामांच्या मानेत तिसऱ्या मणक्यापासून सहाव्यापर्यंत पुढच्या बाजूने हाड ओघळलेलं होतं. मेणबत्तीचं मेण बाजूने वितळून खाली थिजावं, अगदी तसं. चौथ्या-पाचव्याच्या मधे ते सगळ्यात जाड, आणि त्याच्यासमोर घशाची काळी हवेची पट्टी वाकून बारीक झालेली. मणक्यांमधल्या गाद्या मात्र बऱ्यापैकी शाबूत होत्या.

इथे जरा थांबून एक गोष्ट नीट बोलू, कारण "हाड वाढलंय" या दोन शब्दांत दोन वेगळे प्रकार येतात.

पहिला प्रकार घरोघरी सापडतो. वय वाढतं तशी मणक्यांमधली गादी झिजते. (आपण "मणक्यात गॅप पडलाय" म्हणतो, प्रत्यक्षात मणक्यांमधली जागा कमी झालेली असते. हा शब्द इतका रुळलाय की मीही आता दुरुस्त करत बसत नाही.) गादी झिजली की शेजारच्या मणक्यांच्या कडांवर भार येतो आणि शरीर तिथे हाडाची छोटी कड बांधून आधार द्यायला बघतं. ती पोपटाच्या चोचीसारखी दिसते. डॉक्टर तिला ऑस्टिओफाइट म्हणतात. साठीच्या पुढच्या माणसाचा फोटो काढला आणि अशी एकही चोच दिसली नाही, तर मलाच नवल वाटतं.

दुसरा प्रकार मामांचा. इथे झिजलेल्या गादीशी संबंध कमी. मणक्यांच्या पुढून वरपासून खालपर्यंत जी चिवट पट्टी जाते, तिचंच हळूहळू हाड होत जातं. १९५० साली फॉरेस्टिए आणि रोतेस-केरोल या दोन डॉक्टरांनी याचं नीट वर्णन केलं, म्हणून त्याला फॉरेस्टिएचा आजार म्हणतात. आता त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन 'डिश' असंही म्हणतात. १९७६ साली ठरलेल्या व्याख्येप्रमाणे लागोपाठ किमान चार मणके असे हाडाने जोडलेले दिसायला हवेत आणि गाद्यांची उंची बरीचशी टिकलेली हवी. पन्नाशीनंतर, बायकांपेक्षा पुरुषांत जास्त, आणि ज्यांना मधुमेह आहे किंवा वजन जास्त आहे त्यांच्यात अधिक सापडतो. मामांना १५ वर्षांपासून साखर आहे.

मामांनी लगेच विचारलं, "मागावर मान वाकवून काम केलं म्हणून का?" हा प्रश्न सोलापुरात कुणीही विचारील. तासन् तास मान वाकवून काम केलं की मान आखडते, दुखते, हे खरंच. पण हे जे मेणासारखं ओघळलेलं हाड आहे, त्याचा दोष कामावर टाकता येत नाही. मोबाइलवरही नाही, जरी नातवाला दटावायला मामींना ते कारण फार आवडलं असतं.

आता हे हाड घास कसा अडवतं? वरच्या भागात, तिसऱ्या-चौथ्या मणक्यासमोर असेल, तर श्वासनलिकेचं ते पानासारखं झाकण मागे झुकताना त्याला थडकतं. झाकण अर्धवट पडतं आणि पाणी, आमटी चुकीच्या वाटेने जाऊन ठसका लागतो. खालच्या भागात, त्या कड्याच्या पातळीवर असेल, तर अन्ननलिकेचं तोंडच पुढे दाबलं जातं आणि कोरडा, घट्ट घास तिथे बसतो. तिथे जागा मुळातच बांधलेली असल्याने लहानशी चोचही त्रास देऊ शकते. शिवाय हाड रोज घासून घासून आतलं अस्तर सुजतं, आणि सूज आली की वाट आणखी अरुंद होते. म्हणून काहींना हा त्रास मधेच वाढतो, मधेच कमी होतो. हाड तेवढंच असतं, सूज कमीजास्त होते. मामा मान कलती करून गिळत होते ते काही खूळ नव्हतं. हाड एका बाजूला जास्त वाढलेलं होतं आणि त्यांच्या शरीराने मोकळी बाजू आपोआप शोधून काढली होती.

मणका हा शेवटचा संशयित

इतकं सांगितल्यावर वाचणाऱ्यातले निम्मे जण मानेचा जुना फोटो कपाटातून काढतील आणि म्हणतील, माझ्याही रिपोर्टमध्ये हाड वाढल्याचं लिहिलंय, म्हणजे माझा घास त्यामुळेच अडकतो. याच घाईची मला सर्वांत जास्त भीती वाटते.

चोची हजारोंना असतात, त्यांतल्या फार थोड्यांना गिळायला त्रास होतो. फोटोत हाड दिसलं आणि घास अडकतो, या दोन गोष्टी एकत्र असल्या म्हणून एकीने दुसरी झाली असं होत नाही. हाडावर शिक्का मारायच्या आधी बाकीचे संशयित एकेक करून सोडवावे लागतात. मामांच्या डॉक्टरांनीही तेच केलं. फोटो बघून ते खूश झाले नाहीत. म्हणाले, "हे असू शकतं. पण आधी अन्ननलिका आतून बघू."

कारण आपल्या भागात तंबाखू आहे. विडी, मावा, गुटखा, मिश्री, सगळ्या रूपांत आहे. घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग सुरुवातीला नेमका असाच बोलतो: आधी भाकरी अडकते, मग मऊ भात, मग पेज, आणि वजन उतरत जातं. चढत्या पायरीने वाढणारा त्रास, वजनात घट, थुंकीत रक्त, बदललेला आवाज, मानेत न दुखणारी गाठ, एका कानात येणारी कळ, यांतलं काहीही असेल तर मानेचा विचार बाजूला ठेवून दुर्बिणीची तपासणी आधी. सुपारी-गुटख्याने तोंडाच्या आतलं कातडं ताठ होऊन तोंड उघडेनासं होतं, तो त्रास वेगळा. बायकांमध्ये अंगात लोह फार कमी झालं की अन्ननलिकेच्या तोंडाशी पातळ पडदा तयार होऊन घास अडकू शकतो; रक्ताची साधी तपासणीही त्यामुळे महत्त्वाची. थायरॉइडची मोठी गाठ, पक्षाघाताचा झटका, कंपवात, छातीतली जळजळ, यादी मोठी आहे.

पेशंटला विचारायचे काही प्रश्न मात्र फार कामाचे असतात, आणि घरच्या माणसाने त्यांची उत्तरं आधी टिपून ठेवली तर डॉक्टरचं अर्धं काम होतं. घट्ट अडकतं की पातळ? घट्ट आधी अडकत असेल तर वाटेत काहीतरी आहे. पाण्याचाच ठसका आधी लागत असेल, पाणी नाकातून येत असेल, तर नसा किंवा स्नायूंचा संशय जास्त. गिळताक्षणी अडकतं की गिळल्यावर थोड्या वेळाने? अडकतं कुठे? या शेवटच्या उत्तरावर फार भरवसा ठेवू नका बरं का. पेशंट कंठावर बोट ठेवतो आणि अडथळा प्रत्यक्षात छातीच्या खाली असतो, असं होतं.

आणखी एक मोठा गट असतो. घशात काहीतरी गोळा बसल्यासारखं वाटतं, थुंकी गिळताना जास्त वाटतं, पण जेवताना चक्क बरं वाटतं. जेवण व्यवस्थित जातं, वजन तेवढंच राहतं. ताण, मानेच्या स्नायूंचा आखडलेपणा, घशापर्यंत येणारं आम्ल, सारखं खाकरायची सवय, असं काहीतरी मागे असतं. त्रास खोटा नसतो, पण तो गिळण्याचा अडथळा नव्हे. मानेचा फोटो काढून घ्यायला माझ्याकडे सगळ्यात जास्त हेच लोक येतात. त्यांना चोच दाखवली की त्यांचा गोळा दुप्पट होतो.

मानेची बाकीची कारणं

वाढलेल्या हाडापेक्षा जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे मानेचं ऑपरेशन. गादी काढून मणके जोडण्याचं ऑपरेशन बहुधा पुढून, गळ्याच्या बाजूला छेद घेऊन करतात. मणक्यापर्यंत पोचायला अन्ननलिका आणि श्वासनलिका हळूच बाजूला धरून ठेवाव्या लागतात, तासभर, कधी जास्त. साहजिकच नंतर सूज येते, घास टोचतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत अशा ऑपरेशननंतर महिन्याभराने निम्म्या लोकांना गिळायला काही ना काही त्रास होत होता. वर्षाअखेरीस तो साधारण आठात एकाला उरला होता. म्हणजे बहुतेकांचा कमी होतो, पण वेळ घेतो. ऑपरेशनआधी हे कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस पहिल्याच जेवणाला घाबरतो. एकापेक्षा जास्त गाद्यांचं ऑपरेशन किंवा दुसऱ्यांदा केलेलं ऑपरेशन असेल तर त्रासाची शक्यता वाढते. ऑपरेशननंतर गळा झपाट्याने सुजायला लागला, श्वास कोंडला, ताप आला किंवा महिनोन् महिने बरा असलेला घास अचानक अडकायला लागला, तर मात्र वाट बघायची नाही.

मानेच्या पट्ट्याचंही तसंच. पट्टा हनुवटी वर ढकलून मान मागे नेत असेल तर मघाचा छताकडे बघण्याचा प्रयोग तुम्ही दिवसभर करत असता. पट्टा नीट बसवून घ्यावा, आणि जेवताना काढायचा की नाही हे मनाने न ठरवता विचारून घ्यावं.

मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आहे. मानेच्या मणक्याला झाला तर पू मणक्याच्या पुढे, घशाच्या मागे साठतो आणि भिंत पुढे येते. मान दुखते, ताठ होते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतं आणि मग गिळायला अडचण. फोटोत मणक्यासमोरची मऊ सावली जाड दिसली की आम्ही तंत्रज्ञही डॉक्टरांना लगेच हाक मारतो. क्षयाची औषधं सरकारकडून मोफत मिळतात. उशीर होतो तो निदानाला.

क्वचित एखाद्याची मान एका रात्रीत आखडते आणि गिळताना जीव जातो, ताप थोडासाच. मणक्यासमोरच्या स्नायूच्या टोकाशी चुन्याचे कण साठून तिथे सूज आलेली असते. दिसायला भयंकर, पण औषधांनी आठवड्या-दोन आठवड्यांत बसते. तरी घशामागे पू तर नाही ना, हे आधी बघावंच लागतं.

बेरियमचा दिवस

मामांची दुर्बीण झाली, अन्ननलिका आतून स्वच्छ निघाली. मग बेरियम, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारं पांढरं औषध पाजून ते गिळताना बघायचं. उपाशीपोटी बोलावलं होतं म्हणून चिडलेले. ग्लासात खडू कालवल्यासारखं पांढरं घट्ट पाणी. मामांनी वास घेतला आणि म्हणाले, "भिंतीला मारायचा चुना पाजतोस का बे?" उभे राहिले, घोट घेतला, मी सांगितल्यावर गिळला.

साधा फोटो म्हणजे थांबलेलं चित्र. त्यात हाड दिसतं, त्रास दिसत नाही. इथे हलतं चित्र दिसतं. पांढरा घोट जिभेवरून खाली उतरला, चौथ्या मणक्यासमोर हाडाच्या फुगवट्याला वळसा घालून बारीक धार झाली आणि मागे दोन्ही बाजूंना थोडं पांढरं साचून राहिलं. दुसऱ्यांदा गिळल्यावर ते गेलं. श्वासनलिकेत थेंबही गेला नाही. मग मामांना त्यांच्या सवयीने मान कलती करून गिळायला सांगितलं. धार चक्क रुंद झाली. डॉक्टर आणि मी एकमेकांकडे बघितलं.

बेरियमने वाट दिसते, नाकातून घातलेल्या दुर्बिणीने गिळताना घशात काय उरतं ते दिसतं, सीटी स्कॅनने हाडाचा नेमका आकार कळतो. एमआरआय सरसकट लागत नाही. हातापायांत अशक्तपणा, चालताना तोल जाणं, शर्टाची बटणं लावता न येणं असं काही असेल तर मज्जारज्जूसाठी करतात. आणि एक गोष्ट पेशंटने स्वतः लक्षात ठेवून सांगायची: मानेत पुढून हाड वाढलेलं आहे. दुर्बीण घालणाऱ्याला सांगा, आणि पुढे कधी हर्नियाचं का ऑपरेशन असेना, भूल देणाऱ्या डॉक्टरला सांगा. ताठ मान आणि पुढे आलेली भिंत असली की भुलेची नळी घालणं अवघड जातं.

उपाय, आणि काय करू नये

मामांचं ऑपरेशन केलं नाही. हाड खरवडून काढण्याचं ऑपरेशन असतं, आणि ज्यांचं अन्न श्वासनलिकेत जातंय, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतोय किंवा वजन घसरतच चाललंय, त्यांना ते करावं लागतं. त्यातून बहुतेकांना आराम पडतो. पण ते गळ्यातून होणारं मोठं काम आहे, नंतर काही आठवडे गिळणं उलट जड जाऊ शकतं, आणि फॉरेस्टिएच्या आजारात काही वर्षांनी हाड पुन्हा वाढू शकतं. म्हणून आधी साधे उपाय.

सूज कमी करायला थोडे दिवस औषध दिलं. मधुमेह्याने दुखणं-सूज कमी करणाऱ्या गोळ्या मनाने दुकानातून आणून महिनोन् महिने खाऊ नयेत, मूत्रपिंडावर येतं. आम्लाची गोळी चालू ठेवली, म्हणजे माझा सल्ला अगदीच वाया गेला नव्हता, एवढंच. मग स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. मामा म्हणाले, "मला बोलायला कुठं येत नाही?" गिळण्याचे व्यायाम शिकवणं हे त्यांचंच काम असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यांनी बेरियमचं चित्र बघून मामांसाठी कोणत्या बाजूला मान वळवायची, किती झुकवायची ते ठरवून दिलं. हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. हनुवटी खाली घेणं एकाला सोपं पडतं, दुसऱ्याला त्यानेच ठसका लागतो, तेव्हा मामांची युक्ती तुम्ही उचलू नका.

सगळ्यांना चालण्यासारखं एवढंच: ताठ बसून खायचं, लवंडून नाही. छोटा घास, गिळून झाल्यावर दुसरा. तोंडात घास असताना बोलायचं नाही, टीव्हीकडे मान वळवून तर अजिबात नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कोरडं आणि भुग्याचं खाणं सगळ्यात वाईट, कारण त्याचा घास बांधला जात नाही. आमची शेंगाचटणी या हिशेबाने पहिल्या नंबरची गुन्हेगार. मामींनी ती दह्यात कालवायला सुरुवात केली आणि कडक भाकरी पुन्हा ताटात आली, आमटीत भिजून.

करू नये अशी एक गोष्ट मी जरा जोरात सांगणार आहे. सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कटकन मोडून घेण्याची आपल्याकडे भारी हौस. मामांचीही होती, दर रविवारची. ज्या मानेत मणके हाडाने जोडले गेलेत ती वाळलेल्या काठीसारखी असते; वाकत नाही, मोडते. अशा मानेला किरकोळ पडण्यानेही फ्रॅक्चर होऊ शकतं. आणि मान धडधाकट असली तरी तो झटका क्वचित मणक्यांतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाडतो. तिथे गुठळी होऊन मेंदूच्या बुडाला झटका आला तर चक्कर, तोल जाणं, आणि नेमकं गिळणंच बंद होतं. असं होणं दुर्मीळ आहे, पण पाच रुपयाच्या कटकटीसाठी मी तरी माझी मान देणार नाही.

मामांचं वजन सहा महिन्यांत अडीच किलो परत आलं. हाड जिथल्या तिथे आहे. दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं, ठसका वाढला किंवा ताप-खोकला आला तर लगेच, असं ठरलंय. गेल्या खेपेला सगळं झाल्यावर दारातून परत फिरून त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "गड्ड्याच्या जत्रेत भजी खाल्ली तर चालंल का?"

डॉक्टर म्हणाले, "चालतील. पण फिरत फिरत नाही. बसून, एकेक, आणि तोंडात भजी असताना पाळण्याकडे वर बघायचं नाही."